विवाह, सीमा आणि शासनाचा संशय

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



२४ जानेवारी १९७९ या दिवशी लंडनच्या हीथ्रो विमानतळावर भारतातून आलेली एक पस्तीस वर्षांची शिक्षिका उतरली. ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या, मूळच्या भारतीय गृहस्थाशी तिचा विवाह ठरला होता आणि त्यासाठीच ती आली होती. ही बाई वाग्दत्त वधू नसून आधीच विवाहित असावी, असा संशय तेथील अधिकाऱ्याला आला. तिला वैद्यकीय कक्षात नेण्यात आले आणि एका पुरुष डॉक्टरने ती 'कुमारिका' आहे की नाही याची तपासणी केली. नकार दिला तर परत पाठवतील, या भीतीने तिने तपासणीला संमती दिली होती. आठवडाभराने 'गार्डियन' या दैनिकाने ही हकीकत छापली, तेव्हा ब्रिटनमधील भारतीय स्त्रिया रस्त्यावर आल्या, भारत सरकारने निषेध नोंदवला आणि गृहमंत्री मर्लिन रीस यांना अशा तपासण्या थांबवण्याचा आदेश काढावा लागला.

हा एका उर्मट अधिकाऱ्याचा अतिरेक होता, असे तेव्हा भासवण्यात आले. ते खरे नव्हते. २०११ मध्ये दोन संशोधकांनी ब्रिटिश शासनाच्या दप्तरखान्यातील कागद बाहेर काढले. दिल्ली व मुंबई येथील उच्चायुक्तालयांच्या कचेऱ्यांतूनही अशा तपासण्या झाल्या होत्या आणि किमान ८० स्त्रियांना त्यातून जावे लागले होते, हे त्यांतून उघड झाले. मुंबईतल्या कचेरीतून सुखरूप परवाना घेऊन गेलेल्या कितीजणींनी ही गोष्ट सासरी आणि माहेरी कायमची गिळून टाकली असेल, याची नोंद कुठल्याच दप्तरात नसणार.

परंतु येथे प्रश्न केवळ अपमानाचा नाही. तो अपमान ज्या नियमातून निपजला, तो नियम समजून घेतला पाहिजे. त्या काळी ब्रिटनमध्ये विवाहासाठी येणाऱ्या वाग्दत्त वधूला आगाऊ प्रवेश-परवाना लागत नसे. तीन महिन्यांत विवाह करावा, एवढ्या अटीवर तिला विमानतळावरच प्रवेश मिळे. विवाहित पत्नीला मात्र मायदेशातल्या उच्चायुक्तालयात अर्ज करावा लागे, मुलाखत द्यावी लागे, आणि भारतीय उपखंडात त्या मुलाखतीची रांग महिनोन्‌महिने सरकत नसे. म्हणजे पत्नीची रांग शासनाने मुद्दाम लांबवायची, आणि मग ती टाळण्यासाठी कोणी वाग्दत्त वधूचे सोंग घेत असेल असा संशय धरून प्रत्येक वाग्दत्त वधूच्या देहाची झडती घ्यायची! लबाडीचे निमित्त शासनाने स्वतःच निर्माण केले होते.

हे ज्यांच्या राज्यात घडले तो पक्ष मजूर पक्ष होता. समाजवादी कार्यकर्त्याने ही गोष्ट नजरेआड करू नये. पूर्व आफ्रिकेतून ब्रिटिश पासपोर्ट हाती घेऊन निघालेल्या भारतीय वंशाच्या माणसांना अडवणारा १९६८ चा कायदा मजूर सरकारचाच. पुढच्याच वर्षी, ३० जानेवारी १९६९ रोजी, त्याच सरकारचे गृहमंत्री जेम्स कॅलॅहन यांनी राष्ट्रकुल देशांतील पुरुषांना पत्नीच्या किंवा नियोजित वधूच्या आधारे ब्रिटनमध्ये स्थायिक होण्यास बंदी केली. पुरुषाने परदेशातून पत्नी आणली तर चालेल. स्त्रीने परदेशातून पती आणलेला चालणार नाही. स्त्रीने नवऱ्यामागे जावे, हा दंडक मनुस्मृतीत असला की आपण त्याला सरंजामी म्हणतो. लंडनच्या गृहखात्याने तोच दंडक राजपत्रातील भाषेत लिहिला, एवढाच फरक. १९७४ मध्ये रॉय जेन्किन्स यांनी ही बंदी उठवली. पण १९७७ मध्ये नियमांना पुन्हा गाठी मारण्यास सुरुवात झाली, आणि १९७९ मध्ये हुजूर पक्ष सत्तेवर आल्यावर त्या गाठींचा फास झाला.

१९८० च्या मार्चपासून लागू झालेल्या नियमांत दोन गोष्टी होत्या. परदेशी पतीला आणावयाचे असेल तर पत्नी ब्रिटिश नागरिक असणे पुरेसे नव्हते. ती स्वतः किंवा तिचे आईवडील यांपैकी एक जण ब्रिटनमध्ये जन्मलेला असला पाहिजे, अशी अट होती. केनियात जन्मलेल्या इंग्रज मळेवाल्याच्या मुलीला ही अट बाधत नसे. तिच्याच गावी जन्मलेल्या गुजराती दुकानदाराच्या मुलीला, पासपोर्ट ब्रिटिश असूनही, ती आडवी येई. वर्णाचा शब्दही न उच्चारता वर्णभेद कसा करावा, याचा हा नमुना होय.

दुसरी गोष्ट म्हणजे 'प्राथमिक हेतू'चा नियम. या विवाहाचा प्राथमिक हेतू ब्रिटनमध्ये स्थायिक होणे हा नाही, असे सिद्ध झाले पाहिजे. आणि १९८३ पासून ते सिद्ध करण्याचे ओझे अर्जदारावरच टाकण्यात आले. एखादा हेतू मनात नाही, हे माणूस कसे सिद्ध करणार? चोराला देखील न्यायालयात 'चोरी केली नाही' हे सिद्ध करावे लागत नाही. नवऱ्या मुलाला ते करावे लागत होते. आणि उच्चायुक्तालयातील मुलाखतीत युक्तिवाद तरी कसा होई? भारतीय चालीरीतीप्रमाणे वधू वराच्या घरी जाते. येथे वर वधूच्या देशी जाऊ पाहतो. तेव्हा चालीरीत मोडण्यामागे स्थलांतराचाच डाव असला पाहिजे! आपल्या खेड्यातले म्हातारे घरजावयाला नाके मुरडतात, तसे ब्रिटिश साम्राज्याचे वारस नाके मुरडू लागले. मुलीने आईवडिलांजवळ राहावे, तिची नोकरी तेथे आहे, तिचे सारे आयुष्य तेथे गेले आहे, ही कारणे फायलीत बसत नव्हती. विवाह ठरवून झालेला असेल तर 'प्रेम कोठे आहे' असे विचारायचे, आणि प्रेमविवाह असेल तर 'जातीबाहेर कसा केलात' असे विचारायचे, म्हणजे उत्तर कसेही आले तरी शिक्का नकाराचाच.

या नियमांविरुद्ध तीन स्त्रिया स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयात गेल्या. त्यांपैकी नर्गिस अब्दुलअझीझ यांची कथा आपल्या किनाऱ्याशी येऊन भिडते. त्यांचा जन्म १९४८ मध्ये मलावीत झाला. वंशाने भारतीय म्हणून त्या देशाने आपले नागरिकत्व काढून घेतले आणि आपण राज्यहीन झालो, असे त्यांचे म्हणणे होते. १९७७ मध्ये त्या ब्रिटनला आल्या व तेथे कायम वास्तव्याचा हक्क त्यांना मिळाला. १९७९ च्या डिसेंबरात त्यांनी ज्यांच्याशी विवाह केला, ते दमणमध्ये जन्मलेले होते. गोवा, दमण आणि दीव १९६१ मध्ये मुक्त झाले, परंतु त्यापूर्वी तेथे जन्मलेल्यांना पोर्तुगालने आपले नागरिक मानणे चालूच ठेवले. त्या आधारे हे गृहस्थ १९७८ मध्ये पोर्तुगालला गेले होते. मलावीने नाकारलेली स्त्री, पोर्तुगालने स्वीकारलेला दमणचा पुरुष, आणि दोघांनी मिळून संसार थाटायचा तो ब्रिटनमध्ये. साम्राज्ये उठून गेली, परंतु त्यांनी विखुरलेली माणसे ज्या फटींमध्ये अडकली, त्या फटी तशाच राहिल्या.

ब्रिटिश सरकारने न्यायालयापुढे सांगितले की, देशात बेकारी आहे. परदेशी पती आला तर तो नोकरी शोधणार. परदेशी पत्नी मात्र घरी बसण्याची शक्यता अधिक. शिवाय सार्वजनिक शांततेसाठीही हे निर्बंध उपकारक आहेत. भांडवलशाहीने निर्माण केलेल्या बेकारीचा भार कामगार स्त्रीच्या शयनगृहावर टाकण्याचा हा प्रकार होता. न्यायालयाने तो मानला नाही. २८ मे १९८५ च्या निर्णयात हे नियम स्त्रीपुरुषांत भेद करणारे आहेत, असे न्यायालयाने ठरवले. मात्र हे नियम वर्णभेद करतात, हे म्हणणे त्याने स्वीकारले नाही, आणि पतीपत्नींनी निवडलेल्या देशात त्यांना राहू देण्याचे सर्वसाधारण बंधन राज्यावर नाही, असेही सांगून टाकले.

आणि मग काय झाले? स्त्रिया जिंकल्या होत्या. पुरुषांना जो हक्क होता तो स्त्रियांना मिळेल, अशी कोणाचीही अपेक्षा असणार. सरकारने त्याच वर्षी नियम बदलले ते असे : जी अग्निपरीक्षा आजवर परदेशी पतींना द्यावी लागे, ती यापुढे परदेशी पत्नींनाही द्यावी लागेल. समता प्रस्थापित झाली! १९७३ पूर्वी स्थायिक झालेल्या राष्ट्रकुलातील पुरुषांना बायकामुले आणण्याची जी कायदेशीर हमी होती, तीही १९८८ च्या कायद्याने काढून घेण्यात आली. ज्यांच्या हाती सत्ता आहे त्यांच्याकडे आपण समता मागतो, तेव्हा ती वरच्या पातळीवर की खालच्या पातळीवर, हे मागणीतच लिहिलेले असावे लागते. कामगार चळवळीला हा अनुभव नवा नाही. समान कामाला समान वेतन मागितले की मालक प्रथम पुरुषांच्या मजुरीकडेच डोळा वळवतो.

न्यायालयापेक्षा लोकांच्या संघटनेने काय साधते, याचे उदाहरण त्याच काळातले आहे. बर्मिंगहॅममध्ये जन्मलेली, रॉचडेलला राहणारी अन्वर दित्ता ही शिवणयंत्रावर काम करणारी कामगार स्त्री. तिचा निकाह पाकिस्तानात लहान वयात झाला होता. ब्रिटनला परतल्यावर पतीशी तिने तेथील कायद्याने पुन्हा विवाह नोंदवला आणि नोंदणीत स्वतःला अविवाहित म्हटले. या विसंगतीवर बोट ठेवून, पाकिस्तानात राहिलेली तीन मुले तिची नव्हेतच, असे गृहखात्याने ठरवले. तिने सभांमागून सभा घेतल्या; कामगार संघटना, स्त्रियांच्या संघटना आणि आशियाई तरुणांच्या मंडळ्या तिच्यामागे उभ्या राहिल्या. शेवटी एका दूरचित्रवाणी संस्थेने रक्ततपासण्या करवून मातृत्व सिद्ध केले आणि १९८१ मध्ये मुले घरी आली. एका आईला आपली मुले आपलीच आहेत हे सांगण्यासाठी व्यासपीठावर उभे राहावे लागले. पण ती उभी राहिली म्हणूनच पुढच्या कितीतरी कुटुंबांना आपली फाईल घेऊन कोणाकडे जावे ते कळले.

'प्राथमिक हेतू'चा नियम १९९७ च्या जूनमध्ये टोनी ब्लेअर यांच्या मजूर सरकारने रद्द केला. ते श्रेय त्याला दिले पाहिजे. परंतु संशयाने नवे वेषांतर केले. आता त्याचे मोजमाप पौंडात होऊ लागले.

९ जुलै २०१२ पासून, परदेशी पती किंवा पत्नी आणणाऱ्या ब्रिटिश नागरिकाचे वार्षिक उत्पन्न निदान १८,६०० पौंड असले पाहिजे, असा नियम हुजूर व उदारमतवादी यांच्या संमिश्र सरकारने केला. परदेशी मूल बरोबर असेल तर २२,४००. त्या वेळी किमान वेतनावर आठवड्याला ४० तास, वर्षभर एक दिवस न चुकवता राबणाऱ्या कामगाराची मिळकत साडेबारा हजार पौंडांच्या आसपास होत होती. म्हणजे देशाच्या कायद्याने जे वेतन जगण्यास पुरेसे ठरवले, तेच वेतन त्याच देशाच्या दुसऱ्या कायद्याने संसारास अपुरे ठरवले. परदेशातून येणाऱ्या जोडीदाराची तिकडची कमाई धरली जात नाही. तो डॉक्टर असो की अभियंता, हिशेबात तो शून्य. उलट ज्याच्याजवळ ६२,५०० पौंडांची ठेव होती, त्याला उत्पन्न दाखवण्याची गरज नव्हती. ११ एप्रिल २०२४ पासून ही उत्पन्नाची मर्यादा २९,००० पौंडांवर नेण्यात आली. ती पायरीपायरीने ३८,७०० पर्यंत चढवण्याचा हुजूर सरकारचा बेत होता, तो जुलै २०२४ मध्ये आलेल्या मजूर सरकारने थांबवला. परंतु २९,००० चा उंबरठाच पाहा : एप्रिल २०२४ च्या किमान वेतनाने ४० तासांच्या आठवड्याचे वर्षाचे सुमारे २३,८०० पौंड होतात. याशिवाय परवान्याचे शुल्क वेगळे, आणि सरकारी आरोग्यसेवेसाठी दरवर्षी १,०३५ पौंडांचा आगाऊ भरणा वेगळा. मग नोकरी लागल्यावर पगारातून तोच कर पुन्हा द्यायचा आहेच.

'हा मूठभर सुखवस्तूंचा प्रश्न आहे, त्यात कार्यकर्त्यांनी वेळ का दवडावा?' अशी शंका या विषयावर हटकून निघते. सुखवस्तूंचा हा प्रश्नच नाही. त्यांनी तो ठेवीच्या पावतीने सोडवला. हा वृद्धाश्रमात रुग्णांची काळजी घेणाऱ्या बाईचा, उपाहारगृहात ताटे उचलणाऱ्या मुलीचा, अर्धवेळ नोकरी करून लहान मूल सांभाळणाऱ्या आईचा प्रश्न आहे. २०१५ मध्ये इंग्लंडच्या बाल-आयुक्तांनी प्रसिद्ध केलेल्या अहवालाचे नावच 'स्काइप कुटुंबे' असे होते, कारण हजारो मुलांना आपला बाप किंवा आई पडद्यावरच भेटत होती. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुलांच्या हिताचा विचार नियमांत पुरेसा झालेला नाही असे म्हटले, पण उत्पन्नाची अट मात्र तत्त्वतः ग्राह्य धरली. आखातात तरी निराळे काय आहे? संयुक्त अरब अमिरातीत चार हजार दिरहम पगार, किंवा तीन हजार आणि राहण्याची सोय, एवढे असल्याशिवाय कामगाराला पत्नी आणता येत नाही. रत्नागिरीच्या कित्येक घरांतून लग्नाचे संपूर्ण आयुष्य दोन महिन्यांच्या सुट्ट्यांच्या बेरजेत का मोजले जाते, त्याचे एक कारण हे आहे.

यातली एक विसंगती तर हसू यावे अशी आहे. ब्रिटनला युरोपीय संघाचे नियम लागू असताना, म्हणजे २०२० च्या अखेरपर्यंत, पोर्तुगीज पासपोर्टवर स्विंडनला कामास गेलेला गोव्याचा तरुण आपल्या भारतीय पत्नीला उत्पन्नाच्या अटीविना आणू शकत होता, कारण त्याला युरोपीय कामगाराचा हक्क होता. शेजारच्या घरात जन्मलेला, ब्रिटिश नागरिक असलेला तरुण मात्र तेच करू शकत नव्हता. १९९२ मध्ये सुरिंदर सिंग यांच्या खटल्यात युरोपीय न्यायालयाने ठरवले होते की, ब्रिटिश पत्नी नवऱ्यासह जर्मनीत नोकरी करून परतली, तर तिच्या भारतीय पतीला युरोपीय कायद्याचे संरक्षण मिळेल. ती घरीच राहिली असती तर मिळाले नसते. तेव्हापासून कित्येक ब्रिटिश दांपत्ये आपल्याच देशात एकत्र राहता यावे म्हणून आयर्लंडला जाऊन काही महिने नोकरी करून येत. कामगाराला नागरिकापेक्षा अधिक हक्क मिळाले, यात वाईट काही नाही. पण बाजाराला श्रम हवे होते म्हणून ते मिळाले, माणसांना सोबत हवी होती म्हणून नव्हे.

इतके सारे ब्रिटनविषयी बोलल्यानंतर आपल्या घराकडे न पाहणे अप्रामाणिकपणाचे होईल. १९५५ च्या भारतीय नागरिकत्व कायद्याच्या पाचव्या कलमात, भारतीय नागरिकांशी विवाह केलेल्या 'स्त्रियांना' नोंदणीने नागरिकत्व देण्याची तरतूद होती. स्त्रियांना, पुरुषांना नव्हे. भारतीय पुरुषाची परदेशी पत्नी भारतीय होऊ शकत होती; भारतीय स्त्रीच्या परदेशी पतीला त्या वाटेने येता येत नव्हते. परदेशात जन्मलेल्या अपत्याला वंशाने नागरिकत्व मिळे ते केवळ पित्याच्या नात्याने. माता भारतीय असण्याला १९९२ च्या दुरुस्तीपर्यंत किंमत नव्हती. १९६९ सालच्या कॅलॅहन यांच्या बंदीवर टीका करणाऱ्या भारतीय पुढाऱ्यांना आपल्या घरच्या कायद्यातले हे कलम वाचावेसे वाटले नाही, हे नमूद केले पाहिजे.

१९८६ मध्ये या कलमात 'स्त्रिया' हा शब्द जाऊन 'व्यक्ती' हा शब्द आला. पण बरोबर आणखी काही आले. पूर्वी त्या कलमात वास्तव्याच्या वर्षांची अट नव्हती. आता पाच वर्षांचे वास्तव्य आवश्यक झाले. २००३ च्या दुरुस्तीने त्याची सात वर्षे केली. स्ट्रासबर्गच्या निकालाच्या पुढच्याच वर्षी दिल्लीतही समता आली, ती जवळजवळ त्याच रीतीने. लंडनवर तुटून पडणारी आपली वृत्तपत्रे याविषयी फारशी बोलली नाहीत.

आता परदेशी जोडीदाराला आपल्याकडे दोन वर्षांच्या नोंदणीकृत विवाहानंतर आणि सुरक्षा-तपासणीनंतर 'ओसीआय' कार्ड मिळू शकते. पाकिस्तानी वा बांगलादेशी नागरिक असलेल्यांना, किंवा पूर्वी कधी तसे असलेल्यांना, ते मिळत नाही. त्यांची भिस्त दीर्घ मुदतीच्या व्हिसावर. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या हत्याकांडानंतर सरकारने पाकिस्तानी नागरिकांचे बहुतेक व्हिसा रद्द केले. दीर्घ मुदतीचे वगळले होते. तरीही अटारीच्या फाटकावर मुलांचा पासपोर्ट एका देशाचा आणि आईचा दुसऱ्या देशाचा म्हणून मुले पलीकडे गेली व आई अलीकडे राहिली, असे प्रसंग घडले. त्या मातांचा त्या हत्याकांडाशी संबंध होता, असे कोणी म्हणाले नव्हते.

पण ज्यावर संघटनेला आज काम करता येईल, अशी एक तरतूद 'ओसीआय' कार्डाच्या कलमांतच आहे. विवाहाच्या आधारे मिळालेले हे कार्ड, विवाह न्यायालयाने विसर्जित केला की सरकार रद्द करू शकते. नवरा मारहाण करीत असेल तरी घटस्फोट मागणाऱ्या परदेशी पत्नीने प्रथम हा हिशेब करावयाचा : नवऱ्यापासून सुटायचे, की मुले, घर आणि नोकरी ज्या देशात आहे त्या देशात राहायचे? त्या कलमात छळाचा अपवाद नाही. ब्रिटनमध्ये हाच पेच साउथॉल ब्लॅक सिस्टर्स या संघटनेने वर्षानुवर्षे लावून धरला. गृहखात्याच्या पायऱ्या झिजवल्या, छळ झालेल्या बायकांना जगापुढे बोलते केले, आणि १९९९ मध्ये सवलत व २००२ मध्ये नियम पदरात पाडून घेतला : छळामुळे विवाह मोडला असेल तर त्या स्त्रीला स्वतःच्या नावाने वास्तव्याचा हक्क मागता येईल.  मोजक्या बायकांनी ते काम सुरू केले होते.